‘नी’पर्यंत

१७ डिसेंबर २०२३. नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळातला तिसरा रविवार, म्हणजे चार मेणबत्त्यांमधली गुलाबी पेटवायचा दिवस. सकाळी सातच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी नेहमीसारखी दुसऱ्या बाकावर, खांबाच्या कडेला बसले होते. वसईत डिसेंबरातली थंडी पहाटेपुरतीच, पण त्या दिवशी वाड्यांवरून गारवा चांगलाच आत येत होता. पुढच्या बाकावरच्या बायकांच्या ओल्या केसांतल्या शेवंतीचा वास मेणाच्या वासात मिसळला होता. दुसरं वाचन करायला तो उठला. चाळिशीला टेकलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट. वाचनपीठाशी जाऊन त्यानं चष्मा लावला, खिशातून जाड कागदाची एक पट्टी काढली आणि ओळीखाली धरली. ती पट्टी पाहून माझ्या पोटात काहीतरी सुखावलं. मग त्यानं सुरुवात केली, ‘संत पौलाने थे...’ आणि तो थांबला.

चर्चमध्ये शांतता पसरली की छपरापर्यंत जाते. कुणाचं तरी बाळ कुरकुरलं, तुळईवर कबुतरानं पंख झटकले. त्याच्या उजव्या हाताची बोटं वाचनपीठाच्या लाकडी कडेवर हलताना मला दिसली. मला वाटलं, घाबरला. आणि मी बोलले. ‘थेस्सलनीकाकरांस.’

मोठ्यानं नाही, पण त्या शांततेत तो शब्द मागच्या बाकांपर्यंत गेला. तीन-चार माना माझ्याकडे वळल्या. त्यानं मात्र मान वर केली नाही. त्यानं तो शब्द पुन्हा पहिल्यापासून घेतला, स्वतःच्या तोंडानं पुरा केला आणि पुढं वाचत गेला. नेहमी आनंदात राहा, प्रार्थना सोडू नका, असं ते छोटंसं वाचन. पुढं एकदाही अडखळला नाही. मिस्सा सुटल्यावर आवारात भेटला, ‘टीचर, बरं आहे ना?’ म्हणाला, लेकीला स्कूटरवर पुढं उभं केलं आणि गेला.

किती वेळ थांबला होता तो? घरी आल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी तो क्षण मनात पुन्हा मोजला. चार सेकंद. फार तर पाच.

तो माझा विद्यार्थी. चर्चच्या आवारातल्या आमच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं, आणि १९९५ साली सहावीच्या ज्या वर्गाची मी वर्गशिक्षिका होते, त्यात तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा. साठावर मुलं. आपल्याकडे वर्गात वाचन कसं चालतं ते आठवा. शिक्षक अर्धं वाक्य म्हणतात आणि थांबतात, उरलेलं अर्धं सगळा वर्ग एका सुरात पुरं करतो. कानाला फार गोड लागतं ते. बाहेरून जाणाऱ्या फादरांना वाटतं, केवढा छान अभ्यास चाललाय. पण त्या सुरात एखादं मूल वर्षानुवर्षं लपून राहू शकतं. ओठ हलवायचे, शेवटचं अक्षर जोरात म्हणायचं. तो असाच सहावीपर्यंत आला होता. एके दिवशी मी एकट्याला उभं करून धडा वाचायला सांगितला, तर त्यानं घडाघडा म्हणून दाखवला. जवळ गेले, तर पुस्तक भलत्याच पानावर उघडं होतं. धडा त्याला पाठ होता, नुसता ऐकून. एवढी स्मरणशक्ती ज्या मुलाला आहे त्याच्यापुढं खरं तर मी थक्क व्हायला हवं होतं. मी त्याला लबाड ठरवलं आणि तास संपेपर्यंत उभं ठेवलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, ते मला अजून दिसतं.

त्याच वर्षी कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर बदलून आल्या. मूळच्या मंगळूरकडच्या. मराठी त्यांनी मोठेपणी शिकलेली, म्हणून प्रत्येक शब्द पायरीवर पाय ठेवल्यासारखा जपून उच्चारायच्या. अभ्यासात मागं पडणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग घ्यायचं शिक्षण त्या घेऊन आल्या होत्या. शाळेत जागा नव्हती, म्हणून त्यांना स्टेजमागची खोली मिळाली. तिथं वर्षभर नाताळच्या गोठ्याचं सामान पडलेलं असे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला योसेफ, एक कान तुटलेलं गाढव, सुतळीच्या गाठोड्यात मेंढरं, वाळक्या पेंढ्याचा वास. मुलांनी लगेच त्या वर्गाचं नाव ‘गोठा’ ठेवलं. ‘आज गोठ्यात कोण कोण?’ असं मधल्या सुट्टीत ओरडायचे. शिक्षकांच्या खोलीतही तेच नाव रुळलं आणि त्याबद्दल कुणाला काही वाटेनासं झालं. मलाही नाही वाटलं.

त्या खोलीत बसून मी माझीच भाषा नव्यानं पाहिली. मराठी जशी लिहिली तशी वाचायची, सोपी आहे, असं आपण म्हणतो. इंग्रजीच्या मानानं ते खरंही आहे. पण ज्या मुलाच्या डोळ्यांपुढं अक्षरं ठरत नाहीत त्याच्या बाजूनं बघा. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणायची अक्षराच्या नंतर. ‘सूर्य’मधला र बसलाय य च्या डोक्यावर, पण उच्चारायचा य च्या आधी. हाच र कुठं पायाशी तिरकी रेघ होतो, कुठं ट च्या खाली काकपद होतो, आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांत तर एका आकारानं माणसंच बदलतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व. त्या काळच्या छपाईत ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत फरक करायला आम्हालाही आधी अर्थ लावावा लागे. त्यात आमच्या निम्म्या मुलांची घरची बोली कादोडी. पुस्तकातली मराठी त्यांना शाळेत पहिल्यांदा भेटलेली. त्यामुळे कुणाचं वाचन बोलीमुळे अडतंय आणि कुणाचं अक्षरांमुळे, हे वेगळं काढणं हेच मोठं काम होतं. आम्ही दोन्हींना एकच शब्द वापरायचो. तो शब्द मला आता लिहवतही नाही.

सिस्टरांची साधनं साधी होती. भुईगावच्या किनाऱ्यावरची वाळू आणून विहिरीच्या पाण्यात धुतलेली, गोणपाटावर वाळवलेली, आणि बेकरीतून मागून आणलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरलेली. मुलानं बोटानं त्यात अक्षर काढायचं आणि काढता काढता मोठ्यानं म्हणायचं. डोळा, कान, बोट, तोंड सगळं एकदम. जुन्या नाताळकार्डांच्या पट्ट्या कापलेल्या, ओळीखाली धरायला, म्हणजे बाकीच्या ओळी गर्दी करत नाहीत. या गोष्टी कुणीही शिकून घेईल. मला जमली नाही ती वेगळीच. मूल अडलं की सिस्टर टेबलाखाली हात न्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं प्रार्थना करतायत. त्या रोझरीचे मणी सरकवत होत्या. एक दशक, दहा मणी. दहावा मणी बोटाखालून जाईपर्यंत त्या एक अक्षरही बोलायच्या नाहीत, चेहऱ्यावर घाई नाही, भुवई वर नाही. बहुतेकदा सातव्या-आठव्या मण्याला मुलाकडून शब्द यायचा. नाही आला तर त्या पहिलं अक्षर तेवढं पुटपुटायच्या आणि पुन्हा पहिल्या मण्यावर जायच्या. मी त्यांच्या शेजारी बसून शिकत होते, आणि माझ्या जिभेवर शब्द असा चढून बसायचा की तोंडावर पदर धरावासा वाटे. मी तिसऱ्या मण्याच्या पुढं कधी गेले नाही.

आता जे सांगायचंय ते मला जास्त जड जातं.

आमच्या शाळेचा बँड चांगला होता. वसईत लग्नाचा बँड म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मुलांच्या घरात ट्रम्पेट खुंटीला टांगलेलं असे, काका-मामा सीझनला रात्र रात्र वाजवून यायचे. हा मुलगा तर ढोलाच्या घरातलाच. बाक, डबा, मित्राची पाठ, काहीही त्याला वाजवायला चालायचं, आणि ठेका असा पक्का की बँडचे सर बाकीच्यांना त्याच्याकडे बघून वाजवायला सांगत. बँडचा सराव बुधवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला. जून १९९६ मध्ये वेळापत्रक बसवताना सिस्टरांच्या वर्गासाठी कुठलाच तास सापडेना. गणित, भाषा, विज्ञान कोण देणार? शेवटी बँड, चित्रकला, कार्यानुभव याच तासांना हात लागला. आणि ज्या सभेत हे ठरलं तिथं मी म्हणाले, ‘आधी अक्षर, मग ढोल.’ वाक्य सगळ्यांना आवडलं. हेडमास्तरांनी ते पालकसभेतही वापरलं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, तळमळच होती. पण त्या तळमळीनं मी त्याच्या खांद्यावरचा ढोल उतरवला.

तो गोठ्यात यायला लागला, पण नुसता बसायचा. वाळूत बोट घालायचा नाही. मैदानावर सराव सुरू झाला की त्याची मान खिडकीकडे वळायची नाही, हे मी मुद्दाम पाहिलंय. फक्त टेबलाखाली बोटं चालायची, मैदानावरच्या ठेक्याच्या अर्धा क्षण आधी, कारण पुढं काय येणार ते त्याला ठाऊक असायचं. महिन्याभरानं सिस्टर मला जिन्यात गाठून म्हणाल्या, ‘टीचर, हा मुलगा आठवड्यातून दोनच तास शाळेत येत होता. ते दोन तास आपण काढून घेतले.’ मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, त्यावरून ते किती पोकळ असेल हे कळतं.

वेळापत्रक वर्षाच्या मध्ये बदलता येत नाही, असं मला सांगण्यात आलं आणि मीही ते मानलं. मग सिस्टरांनी त्यांच्या हातात होतं ते केलं. ढोल खोलीत आणता येत नव्हता, म्हणून त्या शब्दच वाजवायला लावू लागल्या. लांब शब्द आला की त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला टेबलावर एक टप्पा. म-हा-रा-ष्ट्र. स्वा-तं-त्र्य. बोटं चालू लागली तसं तोंडही चालू लागलं. डोळ्यांना जी अक्षरं एकमेकांत गुंतलेली दिसत होती, ती हातानं सुटी करून दिली की त्याला म्हणता येत. सप्टेंबरात तो एक अख्खं पान वाचून गेला. घाम फुटला होता त्याला, सदऱ्याची पाठ ओली झाली होती. एक पान वाचायला किती श्रम पडू शकतात, हे मराठी शिकवून पंधरा वर्षं झाल्यावर मला त्या ओल्या सदऱ्यावरून कळलं.

आणि मग नाताळ आला. शाळेच्या दारावर लावायचा मोठा तारा दरवर्षी आठवी-नववीची हुशार मुलं करत. त्या वर्षी सिस्टरांनी तारा आणि गोठा दोन्ही स्टेजमागच्या वर्गाकडे मागून घेतले. खाली पत्र्याच्या त्याच ट्रेमध्ये मुलांनी नाचणी पेरली, गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी. तारा त्यानं केला. बांबूच्या दहा कामट्या सारख्या मापानं तासल्या. पाच-पाच कामट्यांचे दोन सपाट तारे बांधले, एकमेकांवर ठेवून पाचही टोकं सुतळीनं घट्ट केली. मग मधल्या पाच छेदांवर वीतभर कामट्या तिरक्या आत घालून एका दाबासरशी उभ्या केल्या, आणि सपाट तारा फुगून उभा राहिला. कोनमापक नाही, आकृती नाही. घटकचाचणीत भूमितीला चार गुण मिळवणाऱ्या मुलाच्या ताऱ्याची पाचही टोकं मी पट्टीनं मोजली, न राहवून. बोटाच्या जाडीएवढाही फरक नव्हता. मी पट्टी खाली ठेवली तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. हसला नाही. मीही काही बोलले नाही, आणि त्या वेळी बोलायला हवं होतं.

जूनमध्ये आम्ही तो वर्ग सकाळी शाळेआधी पावणेसातला हलवला. सगळ्यांना जमलं नाही. ज्यांच्या घरची फुलं-भाजी पहाटेच्या गाडीनं मुंबईला जात, त्या मुलांना आधी गाठोडी स्टेशनवर पोचवावी लागत. पण बँडच्या तासाला पुन्हा कुणी हात लावला नाही. त्याला ढोल परत मिळाला, वर्षभरानं. मधल्या वर्षात जिल्ह्याची स्पर्धा होऊन गेली होती.

त्याच्यामागून चारेक वर्षांनी एक मुलगी आली. समज अतिशय चांगली, तोंडी काहीही विचारा, आणि लिहायला बसवलं की पेपर अर्धा कोरा. १९९६ साली महाराष्ट्र सरकारनं अशा, म्हणजे अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया वगैरे) असलेल्या मुलांना शालांत परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला होता, देशात याबाबत आपलं राज्य पुढं होतं. जादा वेळ, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, गरजेप्रमाणे लेखनिक. पण त्यासाठी दाखला लागे, आणि दाखल्यासाठी मुंबई. मी तिला आणि तिच्या आईला घेऊन शीवच्या रुग्णालयात गेले. चार खेपा झाल्या. आधी डोळे, कान, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखनाची. बुद्धी सरासरीत आणि तरी वाचन-लेखन वयाच्या मानानं बरंच मागं, असं निघालं तरच दाखला. आई दादरला फुलं विकायची, त्यामुळे गर्दीच्या गाडीत तीच माझा हात धरून मला चढवायची, आणि दादरचा पूल तर ती डोळे मिटून ओलांडत असेल. तिथल्या बाईंनी मुलीला फार मायेनं तपासलं. मराठीतून तपासायची प्रमाणित साधनं तेव्हा हाताशी फारशी नव्हती. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं मराठीसह चार भाषांतलं साधन २०१५ साली आणलं, तोवर मी निवृत्त झाले होते. चौथ्या खेपेला दाखला मिळाला. परतीच्या गाडीत भाईंदरची खाडी लागली तेव्हा आईनं विचारलं, ‘टीचर, हा कागद हिच्या लग्नाच्या वेळेला दाखवायला लागेल का?’

मी नाही म्हणाले. तिनं मान हलवली, कागद चार घड्या करून पिशवीत ठेवला. तो शाळेत कधी आलाच नाही. मार्चला मुलगी इंग्रजीत आणि इतिहास-भूगोलात गेली, ऑक्टोबरला सुटली, सवलतीशिवाय. मी त्यांच्या घरी जाऊन आईला समजवायला हवं होतं का? की आईनं जे ओळखलं होतं ते मला गावात राहूनही ओळखता आलं नव्हतं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या अडचणीला एकवीस प्रकारांच्या यादीत जागा दिली, हक्क आला. तरी त्या बाईच्या हातानं घातलेल्या त्या चार घड्या उलगडायला कायदा पुरत नाही, हे मला माझ्या भाचसुनेच्या वागण्यातही अलीकडे दिसलं. तो विषय इथं नको.

गेल्या वर्षी एका शाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. जुनीच मिशनरी शाळा, आता इंग्रजी माध्यम, नवी इमारत. पहिल्या मजल्यावर ‘रिसोर्स रूम’. सुंदर खोली, गालिचा, रंगीत अक्षरं, वाळूचा ट्रेसुद्धा, प्लास्टिकचा. दोन शिक्षिका, दोघीही मनापासून काम करणाऱ्या. दुसऱ्या मजल्यावर ‘एन्रिचमेंट क्लब’. रोबोटिक्स, बुद्धिबळ, पियानो, वक्तृत्व. ऐंशी टक्क्यांच्या वरच्या मुलांना प्रवेश. मी विचारलं, खालच्या खोलीत येणारं एखादं मूल वरच्या खोलीतही जातं का? बाई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, ‘नाही जात. तास क्लॅश होतो.’

मी जिना उतरताना कठड्याला धरून उतरले.

अठ्ठावीस वर्षांत खोल्या चांगल्या झाल्या, माणसं शिकलेली मिळाली, आणि तास तिथंच अडला. आधी अक्षर, मग ढोल. ज्याला येतं त्याला आणखी द्यायचं, ज्याला येत नाही त्याचं जे चांगलं चाललंय ते काढून घेऊन तिथं न येणारी गोष्ट भरायची, हे आम्हाला इतकं रास्त वाटतं की कुणी प्रश्नच विचारत नाही. ख्रिस्ती शाळेत तरी विचारावा, असं माझं म्हणणं आहे. आपली गोष्टच मुळी नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या मागं जाणाऱ्या मेंढपाळाची. तो त्या मेंढराला खांद्यावर घेतो. आधी नीट चालून दाखव, मग घेतो, असं म्हणत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही काही शिक्षिका केडगावला गेलो होतो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. दुष्काळातून आणलेल्या मुलींना बाईंनी नुसतं अन्न नाही दिलं, छापखाना चालवायला शिकवला, विणकाम, शेती शिकवली. अंध मुलींना ब्रेल शिकवली त्यांच्या लेकीनं, मनोरमाबाईंनी. मुंबईत त्याच सुमारास, १९०० साली, अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली होती. केडगावच्या अंध मुलींच्या घराला नाव होतं बार्तिमी सदन. यरीहोच्या रस्त्यावर बसणारा आंधळा बार्तिमय. ती गोष्ट मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेली, पण त्या आवारात कडुनिंबाखाली उभी असताना तिच्यातली एक जागा मला पहिल्यांदा टोचली. बार्तिमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसतंय. लोक त्याला गप्प बस म्हणतायत. आणि येशू त्याला जवळ बोलावून विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? दिसत असूनही विचारतो. उत्तर त्या माणसाच्या तोंडून येऊ देतो. १९९६ च्या जूनमध्ये आम्ही एवढ्या सभा घेतल्या, त्या मुलाला एकानं एकदा तरी विचारलं होतं?

त्या रविवारी दुपारी मी बायबल काढून थेस्सलनीकाकरांचं ते पत्र पुन्हा वाचलं. मिस्सेला वाचलेला भाग सोळाव्या ओवीपासूनचा. दोनच ओव्या वर पौल सांगतो, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेनं वागा. आधार आणि सहनशीलता त्यानं एकाच दमात सांगितलीय. मी आयुष्यभर पहिलं दिलं, दुसऱ्यात कमी पडले.

बुधवारी संध्याकाळी मी चर्चच्या आवारात गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, वाक्यही मनात जुळवलं होतं. तरुण मुलं बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या, काठावरून बांबू ओढून आणत होती. दरवाजापाशी गॅसबत्तीएवढा लख्ख दिवा लावून तो शिडीवर उभा होता, मोठ्या ताऱ्याचं वरचं टोक बांधत. खाली त्याची लेक पताकांचे कागद चिकटवत बसली होती. मला पाहून तो दोन पायऱ्या उतरला.

‘त्या दिवशी मी मधेच बोलले,’ मी म्हटलं. जुळवलेलं वाक्य आलंच नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘येत होता, टीचर. ‘नी’पर्यंत आलो होतो.’ आणि शिडीच्या दांडीवर बोटांनी वाजवून दाखवलं. थे-स्स-ल-नी. चार टप्पे. चार सेकंद. ती बोटं घाबरून हलत नव्हती, हे मला, ज्या बाईनं त्या बोटांना त्या टेबलाखाली वर्षभर पाहिलं होतं तिला, ओळखू आलं नव्हतं.

मला काय बोलावं सुचेना. त्यालाही ते सुचवायचं नव्हतं बहुधा. तो पुन्हा वर चढला आणि सुतळीचं टोक खाली सोडत म्हणाला, ‘एवढी जरा ताणून धरा.’

मी धरली. वर तो गाठ मारायला लागला. पहिल्यांदा निसटली. त्यानं सुतळी सोडवून पुन्हा घेतली, दातात धरली, कामटी जरा फिरवली. मुलगी चिकट बोटं फ्रॉकला पुसत वर बघत होती. माझ्या दुसऱ्या हातात, स्वेटरच्या खिशात, रोझरी होती. पाचवा मणी गेला, सहावा गेला. गाठ अजून बसत नव्हती. मी सुतळी धरून उभी राहिले.